बी काढला तरी उभा राहणारा शब्द

भोसरीत माझं दुकान होतं तेव्हा लोक माझ्याकडे अक्षरं घेऊन यायचे. खिशातून चिठ्ठी काढायची, काउंटरवर ठेवायची आणि म्हणायचं, "एवढ्यांतून एक इंग्लिश शब्द बसवून द्या." चिठ्ठीवर तीन-चार इंग्रजी अक्षरं असायची. एस बायकोचा, पी मुलाचा, आर स्वतःचा, एम वारलेल्या वडिलांचा. ही सगळी माणसं ज्यात बसतील, फोनवर सांगायला सोपा पडेल आणि ज्याचा अर्थ वावगा नसेल, असा शब्द शोधून देणं हे माझं काम.

बाहेरच्यांना हे चमत्कारिक वाटेल, म्हणून जरा फोड करून सांगतो. आमच्या पट्ट्यात मोठ्या कंपनीत दहा-बारा वर्षं काढलेला माणूस एक दिवस राजीनामा देतो, हप्त्यावर लेथ घेतो आणि कुदळवाडीला नाहीतर तळवड्याला अर्धी शेड भाड्याने धरतो. मशिनच्या आधी त्याला नाव लागतं. पूर्वी नुसती अक्षरंच टाकायचे, एस.पी.आर. एंटरप्रायजेस वगैरे. पण तसली नावं एकेका गल्लीत तीन-तीन झाली आणि एकाचा माल दुसऱ्याच्या दारात उतरायला लागला. मग अक्षरं तीच, पण त्यांचा शब्द हवा, अशी रीत पडली. मी बोर्ड, लेटरहेड, व्हिजिटिंग कार्ड, शिक्के करायचो. शब्द त्यातच यायचा.

या अंकाच्या संपादकबाई आमच्याच सोसायटीत राहतात. "तुमच्या गिऱ्हाइकांच्या गमती लिहा," म्हणाल्या. गमती आहेत, सांगतो. पण त्यांच्यात एक गोष्ट अशी आहे की ती मी घरातसुद्धा कधी काढलेली नव्हती. भगवानराव नावाचे एक गृहस्थ कित्येक वर्षं माझे आभार मानत आले, आणि ज्या कामासाठी मानत होते ते मी त्यांच्याविरुद्ध केलेलं होतं. हे छापून यायचं तर आधी त्यांना तोंडाने सांगणं भाग होतं. ते सांगताना काय झालं, त्यासाठी खरं तर हा लेख.

आधी शब्द कसे सापडायचे ते. आज कुठलंही पोर फोनवर अक्षरं टाकतं आणि शंभर शब्द खाली पडतात. तेव्हा ते नव्हतं. रद्दीच्या दुकानातून मी एक जाडजूड डिक्शनरी आणली होती, पुठ्ठा गेलेली. तीवरून चार वर्षं खपून एक वही केली. इंग्रजीत व्यंजनं एकवीस, त्यांच्या जोड्या होतात दोनशे दहा. एकेका जोडीला एकेक पान. बी-आरचं पान, आर-डीचं पान, एस-एमचं पान. चार ते सात अक्षरांचे शब्द घ्यायचे आणि त्यात जेवढ्या जोड्या असतील तेवढ्या पानांवर तो शब्द टाकायचा. गिऱ्हाइकाने तीन अक्षरं दिली की त्यातल्या अवघड जोडीचं पान उघडायचं आणि तिसरं अक्षर कुठे दिसतंय ते बोटाने बघत खाली यायचं. झालं. यात हुशारी काही नाही, चिकाटी आहे.

खरी अडचण स्वरांची. आपल्या माणसांची नावं सुरू होतात एस, आर, पी, व्ही, डी, एमवरून. त्यांची कितीही मोळी बांधली तरी स्वराशिवाय शब्द होत नाही. आणि गिऱ्हाईक विचारणार, "यातला हा ई कुणाचा? आमच्यात ई कुणीच नाही." परकं अक्षर आपल्या बोर्डावर कुणाला चालत नाही. यावर मी तोड काढली होती. रिकामा स्वर देवाला द्यायचा. ई एकवीरेचा. आय इंद्रायणीचा. ओ ओंकाराचा. ए आला तर आईचा, मग ती देवी असो की घरातली. एवढं सांगितलं की माणूस खुर्चीत मागे रेलायचा.

वाघ आडनावाचे दोघे भाऊ आले होते. शाळेच्या दाखल्यावर थोरल्याचं आडनाव व्हीवरून लागलेलं, धाकट्याचं डब्ल्यूवरून. वडील एकच, मास्तर वेगळे. दोघांनाही आपलंच अक्षर खरं वाटायचं. माझ्यासमोरच जुंपली.

"अरे, वाघाला डब्ल्यू लागतो. कुठंही बघ."

"तू वाघ हायेस का? मग बस गप."

मी त्यांना 'व्ह्यू' दिला. एका टोकाला व्ही, दुसऱ्या टोकाला डब्ल्यू आणि मधे आय, ई. म्हणजे दोन भावांच्या मधे इंद्रायणी आणि एकवीरा बसवल्या. ती शेड अजून चालू आहे, भाऊ अजून एकत्र आहेत. याचं श्रेय मी दोन्ही देवींना देतो.

दुसऱ्या होत्या सुशीलाताई. लाकडी पेट्यांचं पॅकिंग करायच्या. चार मुली. मनीषा, अश्विनी, सारिका, कोमल. मी वहीत बघून उत्साहाने म्हटलं, "मास्क. चारच अक्षरं, चौघींची. एकसुद्धा जास्तीचं नाही."

"म्हणजे काय?"

"मुखवटा."

"माझ्या पोरी काय मुखवटे आहेत का हो?"

मग त्यात एकवीरेचा ई घालून 'मेक्स' केलं. म्हणजे 'बनवते'. ते त्यांना फार आवडलं. कोरोनाच्या दिवसांत त्यांचा फोन आला, "भाऊ, तुमचं पहिलं नाव घ्यायला पाहिजे होतं बघा." एवढं बोलून ठेवून दिला. चौकशीही केली नाही.

अशी माणसं. सगळ्यांनी मला चांगलंच दिलं. मी आतल्या गाठीचा, आपणहून बोलणारा नव्हे. पण कुणाच्या घरात कोण आहे, कुणाचं अक्षर पुढे हवंय आणि कुणाचं राहिलं तरी चालणार आहे, हे चिठ्ठीवरून मला कळायचं. माणसं चिठ्ठीत फार खरं बोलतात.

भगवानराव, राजाराम आणि ज्ञानदेव हे तिघे असेच एका सकाळी आले. एकाच कंपनीच्या टूलरूममधले. जिग-फिक्स्चरचं काम काढायचं होतं. म्हणजे भोक पाडताना किंवा वेल्डिंग करताना पार्ट हलू नये म्हणून त्याला पकडून धरणारी साधनं. भगवानराव वयाने मोठे, बीड जिल्ह्यातले. "बीडचा माणूस, जन्मभर बीडावरच हात घासला," असं स्वतःच म्हणायचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. शिक्षण फारसं नाही, पण हाताला माप होतं. दोन पार्ट हातात घेऊन कुठला जाड ते सांगायचे आणि मग मायक्रोमीटर लावून बघायचं. कामं आणणार होते ते. शेड राजारामच्या सासऱ्याची होती, कर्जाचे कागद राजाराम आणि ज्ञानदेवच्या नावावर. ज्ञानदेव बोलतच नसे. फक्त एकदा म्हणाला, "आमच्या ज्ञला इंग्लिशमध्ये अक्षर नाही का?" मी म्हटलं, "आपल्याकडे डी घेतात." त्यावर त्याने मान हलवली.

अक्षरं तीन. बी, आर, डी. मी आठवड्याने या म्हणालो.

मधे गुरुवार आला. गुरुवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे रस्ता मोकळा. राजाराम एकटाच आला. गाडी स्टँडला लावून बराच वेळ आरशात बघत केस नीट करत राहिला. मग आत आला.

"भाऊ, त्या शब्दाचं बघताय ना?"

"बघतोय."

"एक करा. शब्द असा काढा, की पुढेमागे एखादं अक्षर कमी झालं तरी शब्द उभा राहिला पाहिजे. परत नवीन नाव, नवीन कागद, ती कटकट नको."

"कुठलं अक्षर?"

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "बी."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. तोच पुढे म्हणाला, "त्यांचं वय झालंय हो. गावाकडं जायचं म्हणतात अधूनमधून. आपण आपलं सोयीसाठी." भगवानराव तेव्हा पंचेचाळिशीचे असतील.

मला कळलं नव्हतं असं मी आजवर स्वतःला अनेकदा सांगून पाहिलंय. कळलं होतं. कामं हाताशी येईपर्यंत हा माणूस हवा, नंतर नको, हे त्या एका बीमध्ये सगळं होतं. नाही म्हणायला हवं होतं. बोर्डाचं एक काम गेलं असतं, एवढंच. मला राजारामची भीती नव्हती, त्याने जास्तीचं काही देऊही केलं नव्हतं.

मी ते केलं, कारण मला ते कोडं आवडलं. इतकी वर्षं लोक मला अक्षरं घालायला सांगत होते, काढायला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंनी टिकणारा शब्द, माणूस असला तरी आणि नसला तरी. दुपारभर मी वहीला चिकटून बसलो. जेवायला घरी गेलो नाही. बी-आरच्या पानावर डी असलेले शब्द पेन्सिलीने वेगळे काढले. बर्ड, बोर्ड, बिअर्ड, ब्राइड, ब्रेड, ब्रॉड, ब्रिज. पहिल्या तिघांतून बी काढला की ते कोसळतात, त्यांवर काट मारली. ब्राइडमधून बी गेला की राइड उरते, पण नवरीचं नाव टूलरूमला कोण देणार? ब्रेडमधून रीड उरतं. ब्रॉडमधून रोड उरतो, तोही चांगला होता. मग ब्रिज. बी-आर-आय-डी-जी-ई. बी गेला की रिज. डोंगराची धार. दोन्ही शब्द दणकट, दोन्ही लोखंडाच्या कामाला शोभणारे. मी त्या शब्दापुढे बारीक अक्षरांत 'उणे बी' लिहिलं आणि बरोबरची खूण केली. मला आनंद झाला होता. ते खरं सांगायचं म्हणून हा परिच्छेद लिहिला.

तिघे आले तेव्हा मी नेहमीसारखं समजावून सांगितलं. आर राजारामचा, डी ज्ञानदेवचा, जी गणपतीचा, आय इंद्रायणीचा, ई एकवीरेचा. ब्रिज म्हणताना डी ऐकू येत नाही म्हटल्यावर राजाराम हसला, "ज्ञान्याचंच अक्षर ते." आणि सगळ्यांत पुढे बी.

भगवानराव पुढे झुकले. "पहिलं अक्षर मपलं?"

"हो."

"आन् ब्रिज म्हंजे पूल?"

"पूल."

त्यांनी कागदावरच्या बीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "आमच्या गावाला पूल न्हवता, मास्तर. आयटीआयच्या अ‍ॅडमिशनचा दिवस आन् नदी ही अशी. काठावर बसून ऱ्हायलो दिवसभर, चड्डी-बनियनवर, कपडे डोक्याला बांधून. उतरलीच न्हाई. तवा गेलो असतो तर सर्टिफिकेट असतं." मग राजारामकडे वळून म्हणाले, "बगा की, किती इचार करून काढलंय ह्यांनी."

ते मला मास्तर म्हणायचे, त्या डिक्शनरीमुळे. दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आले. पहिला मलाच दिला आणि मी तो खाल्ला.

बोर्ड स्टीलच्या सुट्या अक्षरांचा करायचं ठरलं. राजारामनेच तसं सुचवलं. मी पाच अक्षरं मागून एका पट्टीवर जोडली आणि बी वेगळा ठेवला. त्याला स्वतःचे दोन बोल्ट. वरचा एक, खालचा एक. पट्टीला हात न लावता तो एकटा निघाला पाहिजे, असा. हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

अडीच-तीन वर्षं गेली. कामं जोरात होती. दर दसऱ्याला मशिनची पूजा झाली की भगवानराव आपट्याची पानं घेऊन पहिले माझ्याकडे यायचे. "तुमच्या शब्दाला यश हाय," म्हणायचे. मग एक दिवस राजारामचा फोन आला. "भाऊ, तेवढं एक अक्षर उतरवून न्या."

मी शिडी घेऊन गेलो. वाटलं होतं भगवानराव तिथे नसतील. ते होते. आपली हत्यारं आवरत होते. व्हर्निअर, मायक्रोमीटर, कानसी एकेक पुसून कापडात गुंडाळत होते. कागदावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं, त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं. राजाराम आतल्या केबिनमध्ये फोनवर बोलत राहिला. ज्ञानदेव मशिनवर वाकलेला होता, त्याने मान वर केली नाही.

मी शिडी भिंतीला लावली. जमीन जरा उतरती होती. भगवानराव हातातलं खाली ठेवून आले आणि शिडी धरून उभे राहिले.

"चढा. धरलीय म्या."

मी वर चढलो. दोन बोल्ट, दोन मिनिटांचं काम. बी निघाला. मागे भिंतीवर मूळच्या निळ्या रंगाचा बी राहिला, बाकी भिंत उन्हाने विटलेली.

खाली भगवानराव मान वर करून वाचत होते. "रि-ज. ह्याचा बी काही अर्थ व्हतो का, मास्तर?"

"होतो. डोंगराची धार."

"बगा. मी गेलो तरी पडला न्हाई. कसला शब्द दिलाय तुमी. ह्यांची सोय झाली, नाहीतर मपल्यापायी परत नवीन नाव करीत बसले असते." आणि मग म्हणाले, "तेवढा बी मला द्याल का?"

तो स्टीलचा बी त्यांनी पोत्यात गुंडाळला आणि स्कूटरवर पायांपाशी ठेवून घेऊन गेले. मला वाटतं मी तेव्हा सांगायला हवं होतं. शिडीवरून उतरल्या उतरल्या. पण मी शिडी आवरली.

वर्षभराने ते परत दुकानात आले. एका जुन्या मशिनवर स्वतःचं सुरू करायचं होतं, चाकणच्या बाजूला एका गोठ्याशेजारी. "बी घाला. तो हायेच घरी, नवा करायला नगो. आशाचा ए, सोनालीचा एस." आशा बायको, सोनाली तेव्हा सातवीतली मुलगी.

या वेळी मी आठ दिवस घेतले. या वेळी मला असा शब्द हवा होता, ज्यातून कुणालाच काढता येणार नाही. वहीतला एकेक शब्द घ्यायचा आणि त्यातलं एकेक अक्षर झाकून बघायचं. काही ना काही उरायचंच. इंग्रजी शब्दांत माणूस गेला तरी बाकीच्यांचं बरं चालतं, असं माझं तेव्हा मत झालं. शेवटी 'बेसिक' सापडला. बी-ए-एस-आय-सी. आय इंद्रायणीचा, सी चाकणचा. डिक्शनरीत पाचही वेळा तपासलं. कुठलंही अक्षर काढलं तरी काहीच उरत नव्हतं.

भगवानराव हसले. "बेसिक म्हंजे आपलं पगारातलं?"

"तेच."

"बेस हाय. ओव्हरटाइम जातो, बोनस जातो, बेसिक ऱ्हातं."

जुना बी त्यांनी स्वतः लावला. बाकीची चार अक्षरं मी केली, पण पैशाची ओढ होती म्हणून जरा लहान. अजूनही त्या बोर्डावर बी बोटभर मोठा दिसतो. आणि दर दसऱ्याला सोनं येत राहिलं. दुकान बंद केल्यावर घरी यायला लागलं. बायको म्हणायची, "तुमचं एवढं कुणीच मानत नाही, जेवढं भगवानभाऊ मानतात." मी पानं देवापुढे ठेवायचो आणि अंघोळीला जायचो.

या वर्षी लेख लिहायला घेतला, ब्रिजपर्यंत आलो आणि थांबलो. श्रावणातल्या एका गुरुवारी वही पिशवीत घातली आणि मोशीवरून चाकणला गेलो. गोठा आता राहिला नाही. स्वतःची शेड आहे, सहा मशिनं आहेत. सोनाली इंजिनिअर झाली, कारभार तीच बघते. ती लॅपटॉपवर कोटेशन करत होती. भगवानराव सरफेस प्लेटपाशी, म्हणजे माप तपासायच्या बिडाच्या सपाट ओट्यापाशी, एक पार्ट कानसत होते. सुट्टीच्या दिवशीसुद्धा.

मी वही त्या ओट्यावर उघडली. "हे तुमच्या ब्रिजचं पान."

त्यांनी चिंधीला हात पुसले, चष्मा लावला. कौतुकाने बघत होते. मग त्यांचं बोट पेन्सिलीच्या खुणेपाशी थांबलं.

"उणे बी. हे कवा लिवलं? बी उतरवला तवा?"

"नाही. बोर्ड लावायच्या आधी. राजाराम एकटा आला होता. बी काढला तरी टिकेल असा शब्द दे म्हणाला. मी शोधून दिला."

त्यांनी कानस उचलली, पार्टवर दोन हात मारले आणि खाली ठेवली.

"पेढे आणले तवा तुमाला ठाव व्हतं."

"हो."

"शिडी धरली तवा?"

"हो."

"कामून केलं? काय घेतलं व्हतं त्याच्याकडनं?"

"काही नाही. कोडं अवघड होतं. सुटतंय का बघावं असं वाटलं."

हे ऐकून ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिले, ती नजर मी ओळखतो. हातात घेतलेला पार्ट मापात नाही हे कळल्यावर ते तसं बघतात. रागाने नाही, पण बाजूला ठेवायचा हे ठरलेलं असतं.

"तवा सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर मी कागदावर नाव मागितलं असतं. दुसरं काय केलं नसतं. पर तेवढं मागितलं असतं."

  सोनालीचं टायपिंग थांबलं होतं.

त्यांनी वही मिटली. "आन् बेसिकमधलं कुणाला काढता येतं?"

"कुणालाच नाही. पाचही अक्षरं काढून तपासलंय."

"दावा."

मी खडूने ओट्यावर लिहून दाखवायला लागलो. आधी बी काढला. ए-एस-आय-सी. "याला काही अर्थ नाही," मी म्हणालो.

"एसिक असतं, काका," सोनाली मागून म्हणाली. "इलेक्ट्रॉनिक्समध्ये. एका ठरावीक कामासाठी बनवलेल्या चिपला म्हणतात."

"डिक्शनरीत नाहीये."

"तुमच्या डिक्शनरीत नसेल. जुनी आहे ना."

मी खडू हातात धरून तसाच उभा राहिलो. आठ दिवस खपून, एकेक अक्षर तोलून काढलेला शब्द, आणि त्यातूनही निघणारं अक्षर तेच. भगवानरावांच्या तोंडावर काहीतरी हललं.

"म्हंजे परत मपलंच का?"

"बाबा, मी काढणार आहे का ते?"

"तुला काढावंच लागंल की कवातरी," ते म्हणाले आणि चिंधीने खडू पुसून टाकला. "चिप म्हंजे बरं हाय पर. तुला चालंल."

सोनाली चहा टाकायला उठली. त्यांनी हाताने थांबवलं. "ऱ्हाऊ दे. मास्तरांना उशीर व्हतोय." इतक्या वर्षांत त्या शेडमधून मी चहा न घेता पहिल्यांदाच निघालो.

पुढचे दोन महिने काही नाही. मी फोन केला नाही, कुठल्या तोंडाने करणार? बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "आता दसऱ्याला कळेल." आणि खरोखरच, वर्षभरात मी कशाची वाट बघत असेन तर त्या एका दिवसाची.

दसऱ्याला सकाळी अंघोळ करून बसलो. नऊ वाजले, दहा, अकरा. ते नेहमी नवाच्या आत येतात. सोसायटीतली पोरं पानं देऊन गेली. बारा वाजता बायकोने ताटं घेतली. पहिला घास घेतला तेवढ्यात फोन वाजला.

"मास्तर, घरीच हायेत का?"

"घरीच आहे."

"मग इकडं या. बोर्ड धुवायचाय. गडी समदे सणाला गावी गेले."

मी ताट झाकून ठेवलं आणि निघालो. शेडच्या दारात झेंडूचं तोरण होतं. मशिनांना गंध लावलेलं. भगवानराव बादली घेऊन उभे होते, शिडी भिंतीला लावलेली. मी बादली घ्यायला पुढे झालो तर म्हणाले, "तुमी नगं. मी चढतो."

"बाबा, गुडघा," सोनाली म्हणाली.

"मास्तर हायेत की खाली."

पासष्टीचा माणूस एकेक पायरी थांबत वर गेला. आधी सी धुतला, मग आय, एस, ए. शेवटी सरकून बीपाशी आले. फडकं फिरवताना तो खुळखुळला.

"वरचा बोल्ट ढिला झालाय ह्याचा," ते वरून म्हणाले. "पाना दे गं."

सोनालीने पाना दिला. त्यांनी तो बोल्टवर चढवला, आणि जोर लावायच्या आधी खाली न बघता विचारलं, "धरलीय नव्हं?"

"धरलीय."

"नीट धरा. आवळायचाय."

मी दोन्ही हातांनी धरली आणि एक पाय खालच्या पायरीवर ठेवला. त्यांनी जोर लावला तसा तो शिडीतून माझ्या हातांपर्यंत आला.